डॉ. रखमाबाई : सुटलेले नाते आणि सावकाश भरलेली जखम

आपल्या बेटावरच्या मराठी घरांत झाशीच्या राणीचे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. सावित्रीबाई फुले यांचे नावही आता शाळेतून घेतले जाते. डॉ. रखमाबाईंचे नाव मात्र तितके कानावर पडत नाही. महाराष्ट्रात त्यांची चरित्रे लिहिली गेली, त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. भारतातल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक होत्या आणि त्यांच्या खटल्याने एके काळी मुंबईपासून लंडनपर्यंतची वर्तमानपत्रे भरून गेली होती. परंतु आज आम्ही त्यांची आठवण काढतो आहोत ती केवळ डॉक्टर म्हणून किंवा खटल्यामुळे नव्हे. जे नाते आपल्या जिवाला अपायकारक आहे ते ओळखणे, त्यातून बाहेर पडणे आणि बाहेर पडल्यावर मनाने पुन्हा उभे राहणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात घडल्या. त्यांतली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त काळ चालली. म्हणून हे चरित्र आपल्या घरांतही वाचले जावे असे आम्हास वाटते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आईचे नाव जयंतीबाई, वडिलांचे जनार्दन पांडुरंग. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज कोकणातून निघून मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला लागले, ते याच शतकात. मुंबई तेव्हा वेगाने वाढत होती, पण घरातल्या चालीरीती जुन्याच होत्या. जयंतीबाईंचे लग्न बालवयातच झाले होते. पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. मुलगी तेव्हा अवघी अडीच वर्षांची होती.

त्यांच्या सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पुनर्विवाहापूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे मोठे विद्वान गृहस्थ होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवीत, वनस्पतिशास्त्राचा त्यांना गाढा व्यासंग होता आणि १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते. सावत्र मुलीवर त्यांनी पोटच्या मुलीसारखी माया केली. वाचनाचे वेड रखमाबाईंना लागले ते याच घरात.

तरीही अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न लावून देण्यात आले. वर होता दादाजी भिकाजी, वय सुमारे १९ वर्षे, सखाराम अर्जुन यांचाच एक गरीब नातेवाईक. ठरले असे, की मुलीने सासरी जायचे नाही. जावयाने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, चांगला माणूस व्हावे आणि त्याचा खर्च सासरच्या माणसांनी करावा. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आईला मुलगी डोळ्यांपुढे हवी होती, आजोबांना रीत पाळायची होती. मुलीला मात्र कोणी काही विचारले नाही. अकरा वर्षांच्या मुलीला विचारायचे असते हेच कोणाच्या मनात आले नाही. लग्नाबरोबर तिची शाळाही सुटली.

काही महिन्यांनी ती वयात आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे गर्भाधानाचा संस्कार करून तिला नवऱ्याच्या स्वाधीन करावे असा आग्रह सुरू झाला. डॉ. सखाराम यांनी तो मानला नाही. इतक्या कोवळ्या वयातल्या संसाराने मुलीच्या शरीराची काय दशा होते, हे डॉक्टर म्हणून त्यांना चांगले माहीत होते. दादाजीला ते रुचले नाही. शिक्षणातही त्याचे मन लागेना. वयाच्या विशीत पोरांच्या वर्गात जाऊन बसण्याची त्याला लाज वाटे. अखेर तो घर सोडून नारायण धुरमाजी या आपल्या मामाकडे राहू लागला. त्या घरचे वातावरण चांगले नव्हते. मामाने दुसरी बाई घरातच आणून ठेवली होती आणि मामीच्या वाट्याला विलक्षण दुःख आले होते. पुढे दादाजीला दीर्घ आजारही झाला, कर्जही झाले.

इकडे रखमाबाई वाढत होत्या. शाळा नव्हती, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तके येत. इंग्रजी त्या घरीच हळूहळू शिकल्या. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्या सभांना जाऊ लागल्या. तेथे त्यांना विचार करणारी माणसे भेटली. जसजशी समज येत गेली तसतशी एक गोष्ट त्यांना स्पष्ट दिसू लागली. ज्याला आपले नाते म्हणतात ते आपण जोडलेलेच नाही, आणि त्यात गेल्यास आपला अभ्यास, आपला मान आणि आपली सुरक्षितता तिन्ही जातील.

वाचकहो, हे ओळखणे आज आपल्याला सोपे वाटते. त्या काळी ते फार अवघड होते. वाईट वागणारा नवरा कसा असतो हे सर्वांना माहीत असे. तो मारतो, दारू पितो, टाकून देतो. अशा बाईची लोक निदान कीव करीत. परंतु नवऱ्याने एकदाही हात उचललेला नाही, संसार अजून सुरूसुद्धा झालेला नाही, आणि तरीही हे नाते मला अपायकारक आहे असे सांगणारी मुलगी समाजाने पाहिली नव्हती. लोक म्हणत, जाऊन तर बघ, हळूहळू सवय होईल, नवरा सुधारेल. हा सल्ला आपल्या ओळखीचा आहे. शंभर-दीडशे वर्षांनीही तो आपल्या गावांतून ऐकू येतो.

मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत नोटीस पाठविली आणि नंतर मुंबईच्या हायकोर्टात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. पत्नीने माझ्या घरी येऊन नांदावे असा हुकूम कोर्टाने द्यावा, ही त्याची मागणी. त्याचे म्हणणेही येथे सांगितले पाहिजे. मुलीच्या आईने आणि आजोबांनी मालमत्तेच्या लोभाने तिला अडकवून ठेवले आहे असा त्याचा आरोप होता, आणि रीतसर लग्नाची बायको घरी मागण्यात आपले काय चुकले हे त्याला खरोखरच कळत नव्हते. तो राक्षस नव्हता. रूढीने त्याच्या हाती एक हक्क दिला होता आणि तो हक्क म्हणजेच नाते असे त्याने मानले.

रखमाबाईंचे वय तेव्हा २० वर्षांच्या आसपास होते. त्यांनी जायला नकार दिला. दादाजीची गरिबी, त्याचे आजारपण आणि तो ज्याच्या आश्रयाने राहत होता त्या मामाचे वर्तन, ही कारणे त्यांच्या बाजूने मांडली गेली. मुळातले कारण मात्र त्यांनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियाला लिहिलेल्या दोन पत्रांत सांगितले. त्यांनी आपले नाव दिले नव्हते, एक हिंदू स्त्री एवढीच सही केली होती. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे थांबते, तिचे मन कसे खुरटते आणि सक्तीच्या वैधव्याने तिचे उरलेले आयुष्य कसे करपते, याविषयी त्यांनी लिहिले. स्वतःची जखम त्यांनी अशी सर्वांच्या जखमेशेजारी ठेवून पाहिली. आपले दुःख म्हणजे आपल्या एकटीचे नशीब नव्हे हे एकदा कळले की अपराधीपणाचे ओझे पुष्कळ हलके होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. घरातला सर्वांत मोठा आधार गेला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजीचा दावा फेटाळला. अजाण वयात लग्न लावलेल्या आणि कधीही एकत्र न राहिलेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणे त्यांना न्याय्य वाटले नाही. परंतु अपील झाले. १८८६ साली वरच्या पीठाने खटला पुन्हा चालवायला सांगितले, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी एका महिन्यात नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे.

रखमाबाईंनी सांगितले की आपण तुरुंगात जाऊ.

या निकालाच्या अवघे सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेली ही मराठी मुलगी रखमाबाईंपेक्षा चार महिन्यांनी लहान. ज्या आठवड्यात महाराष्ट्र एका शिकलेल्या मुलीसाठी रडत होता, त्याच आठवड्यात दुसरीला नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असे सांगितले जात होते.

खटल्याने समाजात दोन तट पडले. धर्माच्या रूढीत सरकारने आणि कोर्टाने हात घालू नये म्हणून लोकमान्य टिळकांसारखे मोठे नेते रखमाबाईंच्या विरुद्ध उभे राहिले. गोपाळ गणेश आगरकर आणि बेहरामजी मलबारी यांनी त्यांची बाजू घेतली. त्यांच्या मदतीसाठी समितीही निघाली. इंग्लंडात पंडित मॅक्समुल्लर यांनीही या खटल्यावर लिहिले. थोरांचे सर्वच मत आपल्याला मानवते असे नाही. टिळकांविषयीचा आदर कमी न करताही या प्रश्नात ते चुकीच्या बाजूला होते असे आम्ही म्हणू शकतो.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने २,००० रुपये घेऊन निकालाची अंमलबजावणी करण्याचा आपला हक्क सोडला. पुढच्या वर्षी त्याने दुसरे लग्न केले. रखमाबाई मोकळ्या झाल्या, पण ती अर्धीच मोकळीक होती. या तडजोडीने लग्न मोडले असे काही झाले नव्हते. नवऱ्याला दुसरा संसार मांडता आला. बायको मात्र जगाच्या दृष्टीने त्याचीच राहिली, आणि चार वर्षे ज्या मुलीविषयी वाटेल ते छापले आणि बोलले गेले, तिच्या मनावरचे ओरखडे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.

येथून त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो, आणि आमच्या मते तोच अधिक शिकण्यासारखा आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला आणि वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखविली. १८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या. लंडनला स्त्रियांसाठी खास वैद्यकीय विद्यालय होते. इंग्लंडच्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, एलिझाबेथ गॅरेट अँडरसन, त्याच्या प्रमुख होत्या. तेथे रखमाबाई शिकल्या. त्या लंडनला असतानाच भारतात १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर आले. आज ही वाढ फारच तोकडी वाटते, पण तेवढ्यासाठीही रण माजले होते, आणि त्या चर्चेला रखमाबाईंच्या खटल्यानेही जोर दिला होता. १८९४ साली स्कॉटलंडमधील परीक्षा उत्तीर्ण होऊन त्या डॉक्टर झाल्या आणि मायदेशी परतल्या.

त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात काम सुरू केले. तेथे त्यांची विद्या होती, पण रोगी नव्हते. बाळंतपणासाठी रुग्णालयात येणे म्हणजे मरणाच्या दारात जाणे असे बायकांना वाटे. असे सांगतात की रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली, तिची सुखरूप सुटका केली आणि मग बायकांची भीती थोडी कमी झाली. गोष्ट लहान आहे, पण तिच्यातून त्यांचा स्वभाव दिसतो. भ्यालेल्या माणसाला ओढून आणायचे नाही, त्याला दिसेल असे काही करून त्याचा विश्वास मिळवायचा. ज्या स्त्रीला कोर्टाच्या हुकुमाने ओढून नेण्याचा प्रयत्न झाला होता, तिने सक्तीचा मार्ग आपल्या रुग्णांसाठी कधी निवडला नाही.

वर्षांमागून वर्षे गेली. १९०४ साली दादाजी वारला. बातमी आल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा त्यांचे वय ३९ वर्षांचे होते. ज्या माणसाबरोबर त्या एक दिवसही नांदल्या नाहीत, ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायला तयार झाल्या, त्याच्यासाठी हे वैधव्य का?

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. काहींना यात रूढीपुढची शरणागती दिसते. आम्हाला तसे वाटत नाही. एक तर त्यांना रोज ज्या बायकांत वावरायचे होते, त्यांच्यात शंका-कुजबुज न होता काम करणे त्या वेषाने सोपे झाले असेल. दुसरे असे, की नाते वाईट असले तरी ते आयुष्याचा एक भाग असते. त्याचा शेवट झाला की मनाला कोठेतरी त्याची नोंद करावी लागते. १८८८ साली शेवट ठरविला तो वकिलांनी आणि पैशांनी. १९०४ साली मात्र रखमाबाईंनी तो आपल्या हाताने केला. त्यात द्वेष नव्हता. दादाजीबद्दल गोड बोलण्याचीही गरज नव्हती. एक प्रकरण संपले होते आणि एका शहाण्या, कर्तबगार स्त्रीने ते शांतपणे मिटवून ठेवले. खटल्याच्या तडजोडीपासून इथवर यायला १६ वर्षे लागली.

पुष्कळांना वाटते की माणूस दूर गेला, घर वेगळे झाले, कागद झाले, म्हणजे दुःख संपले. आमच्या पेशामुळे आम्हाला अनेक घरांतल्या आया भेटतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी वाईट संसारातून बाहेर पडलेली बाई आजही लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेत बसते. दार जोरात आपटले की दचकते. कोणी सहज प्रश्न विचारला तरी आपली बाजू मांडू लागते. मग घरचे म्हणतात, इतकी वर्षे झाली, अजून काय? अशा वेळी रखमाबाईंचे आयुष्य आठवावे. त्या खचलेल्या नव्हत्या, रडत बसल्या नव्हत्या, शेकडो बायकांची बाळंतपणे करीत होत्या. तरीसुद्धा मनातला हिशेब पुरा व्हायला वेळ लागला. वेळ लागणे म्हणजे दुबळेपणा नव्हे.

त्यांना बरे केले ते कशाने? आम्हाला जे दिसते ते असे. प्रथम त्यांनी चूक कोठे होती हे नीट ओळखले. दोष स्वतःवर घेतला नाही, आणि सगळा दोष एकट्या दादाजीवरही टाकला नाही. ज्या रीतीने दोन पोरांना एकत्र बांधले त्या रीतीकडे त्यांनी बोट दाखविले. मग त्यांना हाताला काम मिळाले, असे काम की ज्यात दुसऱ्याचे दुःख हलके होते. त्यांना सोबत मिळाली ती मुख्यतः जाणत्या बायकांची. आणि पुन्हा संसार केलाच पाहिजे अशी सक्ती त्यांनी स्वतःवर करून घेतली नाही. त्यांनी दुसरे लग्न कधी केले नाही. ज्यांना करायचे असेल त्यांनी जरूर करावे. पण दुसरे लग्न झाले म्हणजेच बाई बरी झाली, असे मात्र नाही.

सुरतेनंतर त्या राजकोटच्या स्त्री रुग्णालयात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. सुमारे ३५ वर्षे त्यांनी डॉक्टरकी केली. सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून इंग्रजीत लेख लिहिला. विशीत निनावी पत्रे लिहिणारी ती मुलगी पासष्टीला पोचल्यावर आपल्या नावानिशी लिहीत होती. जखम भरल्याची याहून चांगली खूण आम्हाला दुसरी दिसत नाही.

कायदाही त्यांच्या मागून हळूहळू येत राहिला. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची तरतूद भारतात १९२३ साली गेली. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा झाला आणि हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, मुंबईत रखमाबाईंचे देहावसान झाले. त्यांचे वय ९० वर्षांचे होते.

आपल्या मॉरिशसमध्येही कायदा बदलला आहे. घरातल्या छळापासून संरक्षण देणारा कायदा १९९७ साली झाला, आणि २०२० च्या बालकायद्याने १८ वर्षांखालील मुलामुलींचे लग्न लावण्यास बंदी केली. अकराव्या वर्षी बोहल्यावर उभी राहणारी रखमा आपल्या वर्गात आता बसलेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण घर सोडून माहेरी आलेल्या मुलीला परत कधी जाणार असे विचारणारी तोंडे कायद्याने बंद होत नाहीत. ते काम आपले आहे. तिला आधी जेवायला वाढावे. मग तिने सांगितले तर ऐकावे, नाही सांगितले तर वाट पाहावी. तिला शिकायचे असेल तर शिकू द्यावे, काम करायचे असेल तर करू द्यावे. आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्या दिवशी ती त्या जुन्या गोष्टीविषयी आपणहून बोलू लागली, तर हे आता कशाला म्हणून तिला थांबवू नये.